झाकणाखालची वायर

काकांना कोणत्याही यंत्रापाशी नेले की ते उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे पेर त्यावर दोनदा वाजवीत, डोळे मिटून आवाज ऐकत, आणि मग यंत्राकडे नव्हे तर आपल्याकडे पाहून म्हणत, “यात काही नसतं हो!” बाजारात नारळ घेताना आपण करतो तसेच ते होते. फरक एवढाच, की नारळ वाजवणाऱ्याला नारळातले थोडेफार कळत असते.

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. तो प्रत्येक गावात एक असतोच. परदेशात मात्र त्याचे पीक जोमाने येते, कारण इथे कारागीर दुर्मीळ आणि आपल्या माणसांना अभिमान भरपूर. मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरी या आमच्या गावी मराठी घरे बरीच होती, आणि त्या घरांत काही बिघडले की कंपनीच्या माणसाला फोन करण्याआधी यांना फोन जाई. खरे सांगायचे तर फोन करावा लागत नसे. कुठे काय बिघडले आहे याची वार्ता त्यांना आपोआप लागे आणि शनिवारी सकाळी ते दारात उभे असत. सगळे त्यांना काका म्हणत, त्यांच्या पत्नीला काकू.

मी हळू आवाजात बोलणारा माणूस आहे. मी कुणाला तुच्छ लेखत नाही, असे माझ्याविषयी चारचौघांत बोलले जाते, आणि मी ते ऐकून खाली पाहतो. ते खरे नाही. या गृहस्थांना मी कित्येक वर्षे मनातल्या मनात, अगदी नीट जोपासून, तुच्छ लेखले. आता पन्नाशी ओलांडल्यावर ती तुच्छता उलटसुलट करून तपासतो, तर तिचा बराचसा भाग अजूनही मजबूत निघतो. तोच तुमच्यापुढे ठेवतो आहे.

ते शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनियर होते. पदवी मिळाल्यानंतर त्यांनी कोणत्याही कारखान्यात पाऊल टाकले नव्हते. सगळी नोकरी विमा कंपन्यांच्या जुन्यापुराण्या प्रोग्राममधल्या चुका दुरुस्त करण्यात गेली होती. मीही त्याच कामात होतो, म्हणून सांगू शकतो. आमच्या धंद्यात एक जुनी खोड आहे. प्रोग्राम एखाद्या तपासणीवर अडकत असेल, तर तो का अडकतो हे शोधण्याऐवजी ती तपासणीच काढून टाकायची. प्रोग्राम पळतो, साहेब खूश होतो, आणि पुढे काय होईल ते पुढचा माणूस पाहतो. काकांनी ही खोड कागदी पदवीच्या जोरावर लोकांच्या स्वयंपाकघरांत आणि तळघरांत नेली.

एका घरी त्यांनी टोस्टर दुरुस्त केला. त्यानंतर पाव भाजल्यावर तो वर येईनासा झाला. “वर यायची स्प्रिंग मी काढली. तिचाच प्रॉब्लेम होता. आता लक्ष ठेवायचं, बस!” दुसऱ्या घरी गॅरेजचे दार मध्येच थांबत असे, यांनी हात लावल्यावर ते थांबायचेच बंद झाले आणि गाडीच्या बॉनेटवर येऊन बसले. काम संपल्यावर जमिनीवर उरलेले स्क्रू ते यजमानाच्या तळहातावर ठेवीत आणि डोळा मिचकावून म्हणत, “कंपनी नेहमी जास्तीचे घालते. सांभाळून ठेव.”

या सगळ्यात काकूंचे काम टॉर्च धरण्याचे असे. त्या भारतात शाळेत भूगोल शिकवलेल्या बाई होत्या, शांत आणि वाचनाची आवड असलेल्या. पण शनिवारी सकाळी त्या कुणाच्या तरी वॉटर हीटरपुढे गुडघे टेकून बसलेल्या दिसत.

“टॉर्च इकडे! अगं इकडे म्हणजे माझ्या डोळ्यांत नाही!”

“तुमचं डोकं मध्ये येतंय.”

“डोकं मध्ये येणारच. डोक्यानंच काम करतोय मी!”

यावर जमलेली मंडळी हसत आणि काकाही हसत. काकू मात्र हसत नसत. मी हसणाऱ्यांतला होतो, कारण यजमानांचा चहा हातात घेऊन न हसणे अवघड असते.

आता आमच्या वॉशिंग मशीनकडे येतो.

त्या हिवाळ्यात आम्हाला मुलगी झाली. बाळंतपणासाठी माझी आई साताऱ्याहून आली होती. तिचे येणे एकाच कामासाठी होते आणि ते तिने विमानतळावरच सांगून टाकले होते: बाळाची आंघोळ ती घालणार. तेल लावणे, पायांवर घेऊन न्हाऊ घालणे, धुरी देणे, दुपट्यात गुंडाळणे, यांत दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. “तुझ्या वेळी माझ्या सासूबाईंनी मला पाण्याचा तांब्यासुद्धा धरू दिला नव्हता. तुझ्या बहिणीच्या मुलांच्या वेळी तिची सासू होती. आता ही माझी पाळी,” असे ती म्हणाली. तिच्या आयुष्यातली ही एकच राहिलेली गोष्ट होती, आणि त्यासाठी ती गुडघे दुखत असताना समुद्र ओलांडून बर्फात आली होती.

आईने बरोबर जुन्या सुती साड्यांची शिवलेली दुपटी आणि लंगोटांचा गठ्ठा आणला होता. दुकानातले कागदी लंगोट तिला मान्य नव्हते. साहजिकच आमच्या तळघरातले मशीन दिवसभर चाले. आईचा त्या मशीनवर विश्वास नव्हता. थोड्या थोड्या वेळाने ती जिना उतरून जाई, झाकण उघडी, आत डोकावी, एखादा लंगोट पिळून पाही आणि झाकण धाडकन लावी. झाकण उघडले की मशीन आपोआप थांबत असे, लावले की पुन्हा सुरू होई. “शहाणं आहे हो, माणसाचा मान ठेवतं,” असे ती त्याच्याविषयी बोले.

त्या आपटण्यामुळेच झाकणाखालचा बारीकसा प्लास्टिकचा स्विच तुटला. मशीन धूत असे, पाणीही सोडून देई, पण पिळायची वेळ आली की गप्प बसे. पाण्याने जड झालेली दुपटी आई हाताने पिळून घरभर खुर्च्यांच्या पाठींवर वाळत घालू लागली. बाहेर बर्फ होते. कपडे वाळेनात, आणि घराला ओल्या शाळेसारखा वास येऊ लागला.

शनिवारी काका आले. बोटाचे पेर वाजवून झाले. काकू टॉर्च घेऊन खाली बसल्या. बराच वेळ पत्रे काढण्याचा आणि “इकडे, इकडे!” असा आवाज येत राहिला. मग त्यांनी आम्हाला सगळ्यांना खाली बोलावले. पत्नी बाळाला घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहिली.

“आई, या, बघा!” माझ्या आईला ते आई म्हणत. त्यांनी मशीन सुरू केले आणि झाकण सताड उघडे ठेवले. आतले पिंप घरघरत, मग घोंघावत गरगर फिरू लागले. पाण्याचे तुषार भिंतीवर उडाले. “झाकणाचा स्विचच उडवला. दोन वायरी घेतल्या आणि जोडून टाकल्या. आता झाकण उघडलं तरी थांबणार नाही! यात काही नसतं हो.”

“पण काका, तो स्विच सेफ्टीसाठी असतो ना?” पत्नीने वरून विचारले.

“सेफ्टी वकिलांसाठी असते! इथले लोक स्वतःच्या सावलीलाही घाबरतात. आपण त्यातले नाही. काय आई?”

आई कौतुकाने त्या फिरत्या पिंपाकडे पाहत होती. “आता आत काय चाललंय ते दिसतं तरी,” ती म्हणाली.

तो स्विच कशासाठी असतो हे मला ठाऊक होते. “चहा गार होतोय,” एवढेच मी म्हणालो. पोहे झाले, लाडू झाले, काकांनी आणखी काही घरांची नावे सांगितली जिथे त्यांनी हाच इलाज केला होता. “पेटंट घ्यायला पाहिजे,” ते म्हणाले. स्वतःच्या विनोदाला त्यांनी स्वतःच टाळी दिली.

पुढच्याच आठवड्यात ते घडले. मशीनने पाणी सोडले होते आणि पिळण्यापूर्वी ते थोडा वेळ शांत होते, तसे ते नेहमीच होई. आईने नेहमीप्रमाणे झाकण उघडले. पूर्वी झाकण उघडे असेपर्यंत ते मशीन जागचे हलत नसे. आईचा हात त्या सवयीनेच आत गेला. तळाशी एक लांब दुपटे गुंतले होते. ते सोडवण्यासाठी तिने त्याचा एक वेढा मनगटाला घेतला आणि ओढले. त्या क्षणी पिंप फिरू लागले.

मी ऑफिसात होतो. पत्नीने वरून किंकाळी ऐकली आणि टाके ओले असताना ती जिना उतरून धावली, प्लग ओढला. आईचे मनगट मोडले होते आणि दोन बोटे निखळली होती. उजवा हात, कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. डॉक्टरांनी जेवढे दिवस सांगितले तेवढ्यात तिचा व्हिसा संपत होता.

आईला आता बाळाला न्हाऊ घालता येणार नव्हते. पुढच्या खेपेला बाळ पायांवर मावण्याएवढे राहणार नव्हते, आणि पुढची खेप होईल की नाही हेही तिच्या गुडघ्यांना ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला पाटावर बसवले, माझे पाय लांब करायला लावले, आणि स्वतः खुर्चीत बसून सूचना देऊ लागली. “मान धर. मान, मान! अरे ढोपरं मिटू नकोस. तेल कानात गेलं. राहू दे, राहू दे, पाणी आधी पाठीवर.” मध्येच ती गप्प झाली. मी वर पाहिले, तर ती आपला डावा हात हवेत गोल फिरवत होती, जणू समोर एक छोटीशी पाठ आहे. माझे लक्ष आहे हे कळताच तिने तो हात पदराखाली घेतला.

काका भेटायला आले ते डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. ते काकूंनी केले होते. काकूंनी प्लास्टर पाहिले आणि आईच्या शेजारी बसून तिचा डावा हात हातात घेतला. काका उभेच राहिले.

“झाकण बंद असतं तर हे झालंच नसतं, आई. घाई करायची नाही मशीनपाशी.”

आईने त्यांच्याकडे शांतपणे पाहिले. “मग झाकण ठेवलंत कशाला, भाऊ? काढून न्यायचं होतं. तुमच्या दिवाणखान्यात टांगलं असतं, पदवीच्या शेजारी.”

काका मोठ्याने हसले. त्यांना ती थट्टा वाटली. “आईंचा सेन्स ऑफ ह्यूमर शाबूत आहे, म्हणजे काळजी नाही!” असे म्हणून त्यांनी एक लाडू उचलला. तो त्यांनीच आणलेल्या डब्यातला होता. त्या क्षणी माझ्या तुच्छतेला इतके सुख झाले की आईच्या हाताचाही मला विसर पडला. ही गोष्ट मला नंतर पुष्कळदा आठवली आहे.

मी कंपनीच्या माणसाला बोलावून नवा स्विच बसवून घेतला. त्यानंतरच्या शनिवारी दाराची घंटा वाजली. काका एकटे उभे होते, काकू नव्हत्या. हातात कागदी पिशवी होती आणि तिच्यात तसलेच काही नवे स्विच.

“झालं काम,” मी म्हणालो. “माणूस येऊन गेला.”

“हो का? बरं झालं, बरं झालं.” ते पायरीवरचे बर्फ बुटाने बाजूला करीत राहिले. मग म्हणाले, “तू जरा येतोस का माझ्याबरोबर? जुळ्यांच्या घरी जायचं होतं.”

जुळ्यांचे घर म्हणजे आमच्याच रस्त्यावरचे एक नागपूरचे तरुण जोडपे. त्यांची दोन मुले नुकतीच चढायला शिकली होती आणि जे दिसेल त्यावर चढत होती. त्यांच्या मशीनवरही काकांनी तोच इलाज केला होता.

“माझी काय गरज?” मी विचारले.

“तू असलास की दार उघडतील.”

म्हणजे त्यांना सगळे कळत होते. काकांनी दुरुस्त केलेल्या मशीनमध्ये आईचा हात मोडला ही बातमी गावभर झाली होती, नेमका कसा ते मात्र फारसे कुणाला कळले नव्हते. बाकीच्या घरी ते आठवडाभर फिरले होते. कुठे आत घेतले होते, कुठे दारातूनच परत पाठवले होते. लोकांना त्यांनी काय सांगितले, असे मी विचारले. ते पुढे चालता चालता म्हणाले, “रिकॉल आलाय म्हणालो. कंपनीचा. या मॉडेलचा स्विच बदलायचा आहे म्हणून.”

माणूस किती खाली जाऊ शकतो याचा मी त्या रस्त्यावर चालताना हिशेब मांडत होतो. माझ्या आईचा हात मोडला होता, आणि याला अजून आपली अब्रू वाचवायची होती, तीही एका कंपनीच्या तोंडात खोटे घालून. मी त्यांच्याबरोबर गेलो, पण मदत करायला नव्हे. मला पाहायचे होते.

दार जुळ्यांच्या आईने उघडले. तिच्या कडेवर एक मूल होते. काचेचे बाहेरचे दार तिने उघडले नाही. त्याच्या फटीतूनच बोलली.

“काका, प्लीज. आमचं मशीन मस्त चाललंय. आता नका ना हात लावू.”

“अगं, रिकॉल आलाय. पाच मिनिटांचं काम. यात काही…” ते थांबले.

तिचा नवरा तिच्या मागे येऊन उभा राहिला. त्याने मला पाहून मान हलवली आणि हसून म्हणाला, “रिकॉल असेल तर कंपनी माणूस पाठवेल ना, काका? तुम्ही कशाला त्रास घेता यार, थंडीत?”

“यांना विचार हवं तर,” काका माझ्याकडे वळून म्हणाले.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी एका वाक्यात खरे काय ते सांगू शकलो असतो. मी सांगितले नाही. मी हातमोजे नीट करीत उभा राहिलो, कारण ते वाक्य मला काकांच्याच तोंडून ऐकायचे होते.

तेवढ्यात घराच्या पोटातून आवाज आला. तळघरात मशीन पाणी सोडीत होते. पाण्याची गुळगुळ थांबली. आता पिळणे सुरू होणार होते. काकांचा चेहरा पांढरा पडला.

“दुसरा कुठाय?” त्यांनी विचारले.

“कोण?”

“दुसरा मुलगा! कुठाय तो?”

“असेल खाली, खेळतोय,” ती म्हणाली.

“ते झाकण उघडलं तरी थांबत नाही!” काका ओरडले. त्यांचा आवाज फाटला. “मी वायर तोडून जोडलीय. रिकॉल नाही, काही नाही. मी केलंय ते. यांच्या आईचा हात माझ्यामुळं मोडला. जा! जा ना खाली!”

नवरा वळून पळाला. जिन्यावर त्याची पावले धडधडली. मग खालून मुलाच्या रडण्याचा आवाज आला. हातातले खेळणे काढून घेतल्यावर मूल रडते तसा, रागाचा, निरोगी. काचेपलीकडे जुळ्यांची आई भिंतीला टेकली आणि तिने कडेवरच्या मुलाच्या केसांत तोंड खुपसले.

नवरा वर आला तेव्हा दुसरे मूल त्याच्या खांद्यावर होते. “स्टुलावर चढला होता,” तो म्हणाला. काचेच्या दारातून तो काकांकडे पाहत राहिला. ते पाहणे मला ओळखीचे वाटले, कारण मी स्वतः त्यांच्याकडे बरीच वर्षे तसाच पाहत आलो होतो. ते दुसऱ्याच्या चेहऱ्यावर पाहताना मात्र मला बरे वाटले नाही.

काकांनी स्विचची पिशवी उघडली, आत पाहिले आणि पुन्हा बंद केली. मग ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले, “प्लग काढून ठेव. आणि दुसरा माणूस बोलव. मी नको.”

कारागिराला बोलावणे म्हणजे मराठी इंजिनियरची बेअब्रू, असे ज्यांनी गावभर सांगितले, त्यांच्या तोंडचे हे वाक्य होते. मला ते ऐकायचे होते, आणि ते ऐकल्यावर त्याचे काय करायचे हे मला कळेना. माझ्या दारापाशी आल्यावर त्यांनी विचारले, “आई जाग्या आहेत का?” मी आहेत म्हणालो. ते आत गेले. ते काय बोलले हे मी ऐकले नाही. मी मुद्दामच बाहेर बर्फ लोटत राहिलो. ते बाहेर आले तेव्हा आई दारापर्यंत त्यांच्याबरोबर आली होती. “भाऊ, आता ते डोक्यात घेऊन बसू नका,” ती म्हणाली, आणि लगेच पुढे, “पण मशीनला हातही लावू नका हो. कुणाच्याच.”

त्यांनी आईचे ऐकले. त्यानंतर कुणाच्याही घरी ते काही दुरुस्त करायला गेले नाहीत. गणपतीच्या जेवणात कुणाचा डिशवॉशर बिघडल्याची गोष्ट निघाली की ते पत्रावळ्या उचलायला उठत. गंमत म्हणून लोक त्यांना मुद्दाम विचारीत. “काका, आमचा ड्रायर आवाज करतो, काय असेल?” ते म्हणत, “माहीत नाही रे.” त्यावर हशा पिके. त्यांची बडबड आम्हाला सहन होत नव्हती, आणि आता त्यांचे गप्प बसणे आम्ही करमणुकीला वापरत होतो. आई साताऱ्याला परत गेली. तिचे मनगट जुळले, थोडे वाकडे जुळले. बाळाची आंघोळ शेवटपर्यंत मीच घातली, तिच्या देखरेखीखाली, आणि तिच्या मते एकदाही बरोबर घातली नाही.

काही वर्षांनी काकांना टेक्सासमध्ये शुगर लँडला काम मिळाले. निरोपसमारंभ झाला नाही. घर विकल्याचे आम्हाला पाटीवरून कळले. त्यांच्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी मी गावातल्या, नाणी टाकून कपडे धुण्याच्या लाँड्रोमॅटसमोर गाडी उभी केली होती. शेजारच्या दुकानातून दूध घ्यायचे होते. काचेच्या भिंतीआड दिवे लख्ख होते, आणि आत काका-काकू दिसले. घरचे सामान गेले असणार, म्हणून कपडे धुवायला इथे आले असणार.

त्यांच्या शेजारी एका बाईचे मशीन अडले होते. तिने बटणे दाबली, दार ओढले, मग काकांकडे वळून काहीतरी विचारले. मी गाडीत थिजलो. काका मशीनकडे पाहत होते. त्यांचे ओठ किंचित हलले. मग त्यांनी मान हलवली, नाही म्हणून, आणि कोपऱ्यातल्या काउंटरकडे बोट दाखवले. बाई तिकडे गेली.

मी आत जायला हवे होते. निदान हात हलवायला हवा होता. त्यांच्याविषयी मला आदर वाटत होता असे मी म्हणणार नाही. तो आजही वाटत नाही. पण माझी ती जुनी, जपलेली तुच्छता घेऊन त्या उजेडात जावे, असेही मला वाटेना.

काकूंनी ड्रायरमधून एक मोठी चादर काढली. दोघांनी तिची दोन दोन टोके धरली, ताणली, झटकली, आणि मग एकमेकांकडे चालत आली. काकांनी आपली टोके काकूंच्या हातात दिली, खाली वाकून लोंबणारी घडी उचलली आणि पुन्हा मागे सरले. काकू काहीतरी म्हणाल्या. बहुधा घडी वाकडी पडली होती. त्यांनी ती सोडली आणि पहिल्यापासून घालायला घेतली.